बेळगावहून लंडन किती लांब, किती तासांचं? विमानाचं अंतर आणि वेळ घरबसल्या काढण्याची रीत

बेळगाव ते लंडन अंतर किती, असं फोनवर शोधलं तर एके ठिकाणी ७,६०० किलोमीटर दिसतं, दुसरीकडे ४,७०० मैल, तिसरीकडे ८,५०० किलोमीटर. तिन्ही आकडे बरोबर असू शकतात. पहिला सरळ हवाई अंतराचा, दुसरा तेच अंतर मैलात, तिसरा बेंगळूरमार्गे जाण्याचा. गोंधळ टाळायचा तर अंतर स्वतः काढायला शिकावं. शाळेतलं त्रिकोणमितीचं कॅल्क्युलेटर, दोन शहरांचे अक्षांश-रेखांश आणि पंधरा मिनिटं एवढ्यावर काम होतं.

आधी विमानतळ पक्का करा

अंतर शहरापासून नव्हे, विमानतळापासून मोजायचं. बेळगावचा विमानतळ शहरात नाही, बागलकोट रस्त्याला सुमारे दहा किलोमीटरवर सांबऱ्याला आहे. त्याचं स्थान १५.८६ उत्तर अक्षांश आणि ७४.६२ पूर्व रेखांश. तिकिटाच्या साइटवर तो कधी ‘बेळगाव’ नावाने सापडतो, कधी ‘बेळगावी’. सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, पण तीन अक्षरांचा कोड आयएक्सजी तोच राहिला. म्हणून नावाऐवजी कोड टाकून शोधलेलं बरं.

हिशेबाला लागणारी बाकीची स्थानं अशी. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. दिल्ली २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व. बेंगळूर १३.२० उत्तर, ७७.७१ पूर्व. लंडनचं हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. सिंगापूर १.३६ उत्तर, १०३.९९ पूर्व. न्यूयॉर्कचं केनेडी ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. सॅन फ्रान्सिस्को ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम. दोन दशांश स्थळं पुष्कळ झाली. त्यात चूक पडली तरी एखाद्या किलोमीटरची.

इथली नेहमीची चूक म्हणजे अंश-मिनिटं जशीच्या तशी दशांशात लिहिणं. १५ अंश ५१ मिनिटं म्हणजे १५.५१ नव्हे. मिनिटांना ६० ने भागायचं, म्हणजे १५.८५. तसं न केल्यास सांबऱ्याची धावपट्टी जवळपास चाळीस किलोमीटर दक्षिणेला, खानापूर ओलांडून लोंढ्याच्या अंगाला जाऊन पडते.

जवळचं अंतर: पायथागोरस पुरे

हजारेक किलोमीटरच्या आतलं अंतर काढायला पृथ्वी सपाट धरली तरी चालतं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तावर १११ असतो आणि ध्रुवाकडे आकसत जातो. म्हणून त्याला दोन्ही ठिकाणांच्या मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं.

बेळगाव-मुंबई घेऊ. अक्षांशांतला फरक ३.२३, गुणिले १११ म्हणजे उत्तरेकडे ३५९ किलोमीटर. रेखांशांतला फरक १.७५, गुणिले १११, गुणिले ०.९५४ (साडेसतरा अंशांची कोसाइन) म्हणजे पश्चिमेकडे १८५. दोन्हींचे वर्ग करून बेरीज, तिचं वर्गमूळ: ४०४ किलोमीटर. रस्त्याने हेच अंतर पाचशेच्या घरात जातं. याच रीतीने बेळगाव-बेंगळूर ४४५ येतं.

लांबचं अंतर: दोरा किंवा कॅल्क्युलेटर

लंडन-अमेरिकेसाठी सपाट हिशेब साफ फसतो. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजायचंही नाही, कारण त्या नकाशात उत्तरेकडचे देश ताणून मोठे काढलेले असतात. मुलांच्या अभ्यासाचा पृथ्वीगोल घरात असेल तर त्यावर दोन्ही शहरांना टेकेल असा दोरा ताठ ओढा. दोरा जिथून जातो ती बृहद्वृत्ताची वाट, म्हणजे गोलावरची सगळ्यात जवळची. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा घेर सुमारे ९४ सेंटिमीटर आणि पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर; म्हणजे दोऱ्याचा एक सेंटिमीटर ४२५ किलोमीटरचा. बेळगाव-लंडन दोरा अठरा सेंटिमीटरला जरा कमी भरतो. दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतील, पण मार्ग कोणकोणत्या देशांवरून जातो ते डोळ्यांना दिसतं, आणि ते कॅल्क्युलेटर दाखवत नाही.

अचूक आकडा हवा तर हे सूत्र वापरा. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाची कोसाइन, या तिघांचा गुणाकार करा. दोन्ही गुणाकारांची बेरीज घ्या आणि तिची उलटी कोसाइन काढा (शिफ्ट दाबून मग कॉसचं बटण). येणारे अंश गुणिले १११.१९, हे किलोमीटर.

बेळगाव-लंडन करून पाहू. साइन १५.८६ म्हणजे ०.२७३३, साइन ५१.४७ म्हणजे ०.७८२३, गुणाकार ०.२१३८. आता कोसाइन: ०.९६१९ आणि ०.६२२९. रेखांशांतला फरक काढताना लंडन पश्चिमेला आहे हे विसरायचं नाही, म्हणून ७४.६२ अधिक ०.४५, म्हणजे ७५.०७, त्याची कोसाइन ०.२५७६. तिघांचा गुणाकार ०.१५४४. बेरीज ०.३६८२. उलटी कोसाइन ६८.४ अंश. गुणिले १११.१९ म्हणजे ७,६०५ किलोमीटर. पृथ्वी अगदी गोल नाही, ध्रुवांशी किंचित चपटी आहे, त्यामुळे खऱ्या अंतरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक निघू शकतो. तिकिटाच्या कामाला तेवढा चालतो.

उत्तर भलतंच आलं तर आधी कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर वर डी आहे की आर ते पाहा. आर असेल तर यंत्र रेडियनमध्ये चाललंय आणि अंश घातलेलं सगळं गणित वाया गेलं. एक्सेलमध्ये करणाऱ्यांची हीच खोड निघते: एक्सेलला रेडियनच कळतं, अंश आधी बदलून द्यावे लागतात.

पश्चिम रेखांशाची खूण विसरण्याची चूक जास्त कपटी. लंडन शून्याला चिकटून असल्यामुळे तिथे साठेक किलोमीटरचाच फरक पडतो आणि चूक लपून जाते. न्यूयॉर्कला मात्र लपत नाही. ते ७३.७८ पश्चिमेला, बेळगाव ७४.६२ पूर्वेला. खूण विसरलात की दोन्ही शहरं जवळजवळ एकाच रेषेत येतात आणि अंतर २,७५० किलोमीटर निघतं. त्या जागी किर्गिझस्तान आहे. खरं अंतर १२,९३५ च्या आसपास.

मैलाचंही एक भान ठेवा. रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरचा, विमान चालवणाऱ्यांचा सागरी मैल १.८५२ चा. म्हणून ७,६०५ किलोमीटर हे साध्या मैलात ४,७२५ आणि सागरी मैलात ४,१०६ होतात. फ्लाइट ट्रॅकिंगच्या अ‍ॅपवर नॉट दिसला तर तो ताशी सागरी मैल समजायचा.

कुठून बदलून जायचं: वळशाची परीक्षा

सांबऱ्याहून लंडनला थेट विमान नाही, कुठेतरी बदलावंच लागतं. खरा पैसा आणि वेळ इथे वाचतो. प्रत्येक मधल्या शहरासाठी दोन्ही टप्प्यांची बेरीज करा आणि सरळ अंतराशी ताडून पाहा.

लंडनसाठी मुंबईमार्गे ४०४ अधिक ७,२१२, म्हणजे ७,६१६. सरळ अंतरापेक्षा जेमतेम दहा किलोमीटर जास्त. मुंबई त्या वाटेवरच बसलेली आहे. दिल्लीमार्गे १,४३६ अधिक ६,७३०, म्हणजे ८,१६६. साडेपाचशेहून जास्त वळसा. बेंगळूरमार्गे ४४५ अधिक ८,०४६, म्हणजे ८,४९१. जवळजवळ नऊशे किलोमीटर, म्हणजे हवेत तासभर जास्त. कारण सोपं आहे. लंडन वायव्येला आणि बेंगळूर आग्नेयेला. आधी चारशे किलोमीटर पाठ फिरवून जायचं आणि मग तेच अंतर परत कापायचं. तरीही स्वस्त तिकीट बेंगळूरमार्गेच दाखवलं जातं असं होतं. किती रुपये वाचतात आणि त्याबदल्यात किती तास जातात हे समोरासमोर मांडूनच ठरवा.

सिंगापूरला चित्र उलटं. बेंगळूरमार्गे ४४५ अधिक ३,१७८, म्हणजे ३,६२३. सरळ अंतर ३,६००. मुंबईमार्गे गेलात तर ४,३२५, म्हणजे सव्वासातशे किलोमीटर फुकट.

सॅन फ्रान्सिस्कोला तर बहुतेकांचा अंदाज चुकतो. नकाशावर कॅलिफोर्निया पार उजव्या किंवा डाव्या टोकाला दिसतं, म्हणून वाट पूर्वेची किंवा पश्चिमेची असणार असं वाटतं. गोलावर दोरा धरा: तो बेळगावहून जवळजवळ उत्तरेकडे निघतो. दिल्ली त्याच्या इतकी जवळ येते, की दिल्लीमार्गे १,४३६ अधिक १२,३८० ही बेरीज थेट अंतरापेक्षा आठ-दहा किलोमीटरच जास्त भरते. बेंगळूर-सॅन फ्रान्सिस्को हे थेट अंतर मात्र १३,९९३ किलोमीटर. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळूरला आणलेलं विमान उत्तर ध्रुवावरून आलं, ते याच कारणाने.

किलोमीटरचे तास कसे करायचे

विमान बृहद्वृत्तावरून तंतोतंत जात नाही. ठरलेले हवाई मार्ग, उतरण्याआधीचा फेरा, खराब हवा यांमुळे लांबच्या मार्गाला सुमारे ५ टक्के आणि देशातल्या छोट्या मार्गाला ५ ते १० टक्के अंतर वाढवून घ्या. मग विमानाच्या वेगाने भागा. अकरा किलोमीटर उंचीवर हवा उणे ५६ अंशांच्या आसपास असते आणि आवाजाचा वेग तिथे ताशी सुमारे १,०६० किलोमीटर. एअरबस ३२० त्याच्या ०.७८ पट उडतं, म्हणजे ८२०-८३०. बोइंग ७८७ हे ०.८५ पट, म्हणजे ९०० च्या घरात. पंख्याचं एटीआर ताशी ५०० धरा. छोटं एम्ब्रायर जेट असेल तरी मुंबईसारख्या जवळच्या पल्ल्यावर ७५० च्या वर सरासरी लागत नाही, कारण वर चढलं की लगेच उतरायचं असतं.

भागाकारानंतर जमिनीवरचा वेळ मिळवायचा. वेळापत्रकातली वेळ ही चाकं जमिनीवरून उचलल्यापासूनची नसते. विमान उभ्या जागेवरून हललं तिथून दुसरीकडे उभ्या जागी थांबलं तिथपर्यंतची असते. त्यात टॅक्सिंग (म्हणजे धावपट्टीपर्यंत आणि तिथून परत जमिनीवरून सरकणं), रांगेत थांबणं, चढणं-उतरणं सगळं आलं. जेटला ३५ मिनिटं, एटीआरला २५. मुंबई, दिल्ली, हीथ्रो यांपैकी कुठे गर्दीच्या वेळी उतरायचं असेल तर आणखी दहा-पंधरा.

बेळगाव-मुंबई एटीआरने: ४०४ मध्ये ९ टक्के घालून ४४०, भागिले ५००, म्हणजे ५३ मिनिटं, अधिक २५, सव्वा तास. बेळगाव-दिल्ली एअरबसने: १,४३६ मध्ये ६ टक्के घालून १,५२२, भागिले ८२०, म्हणजे एक तास ५१ मिनिटं, अधिक ३५, जवळपास अडीच तास.

कुठलं विमान आहे ते तिकीट काढतानाच ‘फ्लाइट डिटेल्स’ मध्ये लिहिलेलं असतं. एकाच मार्गावर सकाळच्या आणि संध्याकाळच्या फेरीत वीस मिनिटांचा फरक दिसला तर बहुतेक वेळा एक जेट असतं आणि एक एटीआर.

वारा आणि बंद आकाश

जाताना आणि येताना एकाच मार्गाला वेगळा वेळ का, याचं उत्तर वाऱ्यात आहे. आपल्या उत्तरेला, मध्य आशिया-युरोपच्या पट्ट्यात, वरच्या थरातला वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. हिवाळ्यात तो जोरात असतो. मुंबई-लंडन जाताना तो नाकावर येतो. वाढवलेलं अंतर ७,५७०, वेग ९०० मधून वाऱ्याचे ५० वजा करून ८५०. भागाकार ८ तास ५५ मिनिटं, अधिक ३५, म्हणजे साडेनऊ तास. परतताना ९५० चा वेग मिळतो आणि तेच अंतर साडेआठ तासांत, पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे, संपतं. वारा अगदी तुफान असला तर फरक दीड तासावर जातो.

वाऱ्यासाठी कधी मुद्दाम लांबची वाटही धरतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकवरून न नेता पॅसिफिकवरून नेलं. अंतर हजारभर किलोमीटरहून जास्त वाढून १५,३०० झालं, पण पाठीवर वारा घेऊन ते साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा लवकर पोचलं.

बंद आकाशाचा हिशेब मात्र कुठल्या सूत्रात बसत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागला आणि फेऱ्या लांबल्या. परदेशी कंपन्यांना ती बंदी नव्हती. अशा काळात दिल्लीमार्गे निघालेला वळशाचा आकडा कागदावरच राहतो. त्याच मार्गावर गेल्या आठवड्यात विमानाला प्रत्यक्ष किती वेळ लागला ते ट्रॅकिंग अ‍ॅपवर पाहून घ्या.

घड्याळाची वजाबाकी

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. मुंबईहून रात्री २.३० ला निघून लंडनला सकाळी ६.४५ ला पोचतं, म्हणून ‘सव्वाचार तासांत लंडन’ असं कुणी घरी सांगितलं तर हसू नका, ही चूक फार सहज होते. पोचण्याची वेळ आधी आपल्या घड्याळात आणा. हिवाळ्यात लंडन साडेपाच तास मागे, म्हणून ६.४५ म्हणजे आपले दुपारचे सव्वाबारा. प्रवास पावणेदहा तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडनची घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा फरक साडेचार तासच राहतो. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत येते. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे दोघांचे फरक नेहमीच्या पाढ्यात बसत नाहीत. दुबई वर्षभर दीड तासच मागे. वेळेपुढे ‘+१’ असेल तर पोचण्याची तारीख दुसऱ्या दिवसाची. घ्यायला येणाऱ्याला ती तारीख कळवा.

दारापासून दारापर्यंत

सीमाभागातल्या सगळ्यांना सांबराच जवळचा असं नाही. निपाणीकरांना कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ चाळीसेक किलोमीटरवर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. कारवारकरांना गोवा सोयीचा. बेळगाव शहरातून हुबळी सुमारे ९५ किलोमीटर, रस्ता सरळ. गोव्यातला मोपा नकाशावर त्याहून फार लांब वाटत नाही, पण चोर्ल्याचा घाट पावसाळ्यात भरवशाचा नाही. जून ते सप्टेंबर तीन तासांखाली धरू नका. गोव्यात विमानतळ दोन आहेत हेही ध्यानात ठेवा: दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. दुबईसाठी मोपा धरला तर हवाई अंतर २,१९६ किलोमीटर आणि वेळ साडेतीन तासांच्या आत, म्हणून पुष्कळ जण घाट सोसतात.

मुंबईतही आता तीच खबरदारी लागते. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ मध्ये सुरू झाला. तुमचं बेळगावचं विमान तिथे उतरलं आणि लंडनचं सहारहून, म्हणजे जुन्या विमानतळावरून, असलं तर मधे मुंबईची वाहतूक आहे. जुन्याच विमानतळावर टर्मिनल एकवर उतरून दोनवर जायचं असलं तरी रस्त्याने जावं लागतं. तिकिटावर शहराचं नाव वाचून थांबू नका, विमानतळ आणि टर्मिनल दोन्ही वाचा.

दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असतील तर मुंबईत जाताना तीन तास पुरतात आणि बॅगेला सांबऱ्यालाच लंडनपर्यंतचा टॅग लागतो. टॅगवर शेवटचा कोड एलएचआर (हीथ्रोचा) आहे का ते काउंटरवरच वाचून घ्या. तिकिटं वेगवेगळी असतील तर बॅग मुंबईत घेऊन पुन्हा द्यावी लागते, शिवाय पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीची जबाबदारी नाही. तिथे सहा तासांखाली जाऊ नका, आणि जुलै-ऑगस्टमध्ये, बेळगावावर ढग खाली उतरलेले असताना, आदल्या दिवशीचं विमान किंवा रात्रीची रेल्वे धरा. परतीला एकच तिकीट असलं तरी कस्टम्स पहिल्या भारतीय विमानतळावर होतं, म्हणून मुंबईत पट्ट्यावरून बॅग उचलून पुन्हा द्यायची असते. पासपोर्टची रांग, पट्टा, कस्टम्स आणि टर्मिनल बदल मिळून चार तास मधे ठेवले तरच सांबऱ्याचं विमान सापडतं.